बाकावरून आलेली पत्रं

‘आयसीयूबद्दल मनात असेल ते विचारा,’ असं मागच्या अंकात छापलं होतं. त्यावर आलेला पत्रांचा गठ्ठा संपादकांनी माझ्याकडे पाठवून दिला. मी डॉक्टर नाही. लातूर जिल्ह्यातल्या एका दवाखान्याच्या आयसीयूत 23 वर्षं सिस्टर आहे, त्यातली शेवटची 9 वर्षं इन्चार्ज. पत्रं वाचताना जाणवलं की जवळजवळ सगळी बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांनी लिहिली आहेत. कुणी चार दिवस बसलंय, कुणी महिनाभर. त्यातली काही इथे घेते. नावं छापलेली नाहीत.

वडिलांना न्यूमोनिया झाला होता, पाच दिवस व्हेंटिलेटरवर होते. भेटायला आत गेलो तर दोन्ही हात पलंगाला बांधलेले. आत ते वेड्यासारखं बोलत होते. मी सिस्टरशी भांडलो. वडील बरे होऊन घरी आले, पण ते दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. माणसाला असं जनावरासारखं बांधतात का? — एक वाचक, सेलू, जि. परभणी

दादा, तुम्ही भांडलात याचं मला वाईट वाटत नाही. आत जायच्या आधी कुणीतरी तुम्हाला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, ते झालं नाही. ती चूक आमच्या लोकांची.

आता कारण सांगते. व्हेंटिलेटर म्हणजे श्वास देणारं मशीन. त्याची नळी तोंडातून आत जाते आणि स्वरयंत्राच्या मधून थेट श्वासनलिकेत बसते. ती सरकू नये आणि हवा बाजूने निसटू नये म्हणून तिच्या टोकाशी एक छोटा फुगा फुगवलेला असतो. नळी असेपर्यंत बोलता येत नाही, घोट गिळता येत नाही, घशात सारखं काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. अर्धवट शुद्धीतल्या माणसाचा हात सगळ्यात आधी तोंडाकडेच जातो, तुमचा-माझाही जाईल. फुगा फुगलेला असताना नळी ओढली तर घसा आतून सोलून निघतो, आणि फुप्फुसं अजून तयार नसतील तर काही मिनिटांत जिवावर बेततं.

मी हे डोळ्यांनी पाहिलंय. नाईटला होते, पहाटेचे तीन वाजून गेलेले. मशीनवरच्या एका रुग्णामागे एक सिस्टर असायला हवी. त्या रात्री माझ्याकडे तिघं होते. दोन नंबरच्या बेडवर सक्शन करत होते, म्हणजे नळीतला कफ ओढून काढत होते, तेवढ्यात चार नंबरच्या आजोबांनी नळी ओढून काढली. डॉक्टर धावत आले, पुन्हा नळी घातली, आजोबा वाचले. पण त्यांच्या ओठांवरचं रक्त पुसताना माझे हात थरथरत होते. त्यांचे हात मी मोकळे ठेवले होते, दया आली म्हणून.

‘मग झोपेचं औषध जास्त द्या ना,’ असं बरेच जण म्हणतात. पूर्वी तसंच चालायचं. पण माणसाला जितकं गाढ झोपवावं तितके मशीनवरचे दिवस वाढतात आणि अंगातली ताकद जाते. म्हणून आता बहुतेक ठिकाणी रोज सकाळी औषध कमी करून बघतात. मी कानाशी जाऊन म्हणते, ‘काका, डोळे उघडा. माझा हात दाबा.’ दाबला की आम्हाला आनंद होतो. म्हणजे तुमचे वडील हात हलवत होते, म्हणून तर बांधावे लागले. निपचित पडलेल्याचे कोण बांधतं?

बांधायचीही एक रीत आहे. मनगटाला आधी कापूस, त्यावर मऊ पट्टी, पट्टीखाली माझी दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बोटांचा रंग बघायचा, दोन तासांनी सोडायचं, हात हलवून चोळून द्यायचे. शेजारी बसायला माणूस असेल तर मी सोडूनच ठेवते. तुमच्या वडिलांच्या मनगटावर वळ उठलेले दिसले असतील, तर ते बांधणं चुकीचं होतं.

आणखी एक. तुम्ही लिहिलंय की आयसीयूत ते ‘वेड्यासारखं बोलत होते’. तो भ्रम असतो. आत दिवस-रात्र कळत नाही, लाईट सारखी चालू, ताप, औषधं. आमच्याकडचे एक शेतकरी रोज रात्री दोनला उठून बसायचे आणि ओरडायचे, ‘लाईट आली, मोटार टाका रे कुणीतरी!’ गावात रात्रीच शेताची लाईट यायची, तेच डोक्यात. मी म्हणायचे, ‘टाकली काका, पाणी चाललंय उसाला.’ मग झोपायचे. अशा माणसाला घरचा आवाज, स्वतःचा चष्मा, कानातलं मशीन, समोर घड्याळ यांचा फार उपयोग होतो. वडिलांना अजून वाईट स्वप्नं पडत असतील, जिना चढताना पाय लटपटत असतील, तर ‘झालं आता बरं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आयसीयूचा थकवा महिनोन्‌महिने राहतो.

सासूबाई 9 दिवस आयसीयूत होत्या. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं भेट. डॉक्टर दोनदा येऊन जायचे. मग उरलेला वेळ बंद दाराआड होतं तरी काय? आणि रोजचे एवढे पैसे कशाचे? — एक गृहिणी, कळंब, जि. धाराशिव

ताई, रात्री दोनला काय चालतं ते सांगते, कारण त्या वेळी बाहेर सगळ्यांना वाटतं की आतले झोपलेत.

दोन म्हणजे कूस बदलायची वेळ. सासूबाई मशीनवर असतील तर त्यांना स्वतःहून वळता येत नाही, आणि एका अंगावर तासन्‌तास पडलं की कातडी मरायला लागते. त्याला आम्ही बेडसोअर म्हणतो. एकदा पडला की हाडापर्यंत जातो, महिने घेतो. म्हणून दर दोन तासांनी वॉर्डातले मदतनीस मामा, मावशी आणि मी. अंगाखाली एक आडवी चादर घातलेलीच असते, ती दोन बाजूंनी धरायची. एकाने फक्त डोकं आणि नळी धरायची, त्याने दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. ‘एक, दोन, तीन,’ आणि वळवायचं. मग टॉर्च घेऊन बघायचं: माकडहाड, टाचा, डोक्याची मागची बाजू, आणि लोक विसरतात ते कान. ऑक्सिजनच्या मास्कची दोरी कानामागे रुतते. कुठे लाल दिसलं आणि बोटाने दाबून ती लाली गेली नाही, तर ती जागा पुढच्या वेळी खाली येऊ द्यायची नाही. वळवून झालं की पलंगाची डोक्याकडची बाजू पुन्हा तीस अंशांहून वर, नाहीतर पोटातलं घशात आणि घशातलं फुप्फुसात उतरतं. तोंड आतून पुसून काढायचं. डोळे पूर्ण मिटत नसतील तर मलम घालून पापण्या अलगद चिकटवायच्या, नाहीतर बुबुळ कोरडं पडून जखम होते.

हे होईतो दर तासाची नोंद आलीच. नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, ताप आणि लघवी. लघवीच्या पिशवीकडे नातेवाईक बघत नाहीत, पण ती खूप काही सांगते. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान तीस मिली तरी व्हायला हवी. लागोपाठ दोन-तीन तास कमी आली की बीपी चांगला दिसत असला तरी मी डॉक्टरांना उठवते. मूत्रपिंडाला रक्त पुरत नसल्याची ती पहिली खूण असते. बीपी धरून ठेवणारं औषध बारीक पंपातून थेंबाच्याही अंशाने जात असतं. ती सिरिंज संपून दुसरी लावायला मिनिटभर उशीर झाला तर बीपी कोसळू शकतो. म्हणून दुसरी आधीच भरून, नाव-वेळ लिहून शेजारी तयार ठेवायची. प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करायचे. एका रात्रीत किती वेळा ते मी कधी मोजलं नाही, पण हिवाळ्यात आमच्या बोटांना भेगा पडतात.

पैशांचं म्हणाल तर मशीन, औषधं, तपासण्या आणि हे चोवीस तास राबणारे हात, यांचे ते असतात. कुठे जास्त लावतात का? लावतात, आणि बिलाचा तपशील मागायचा तुम्हाला हक्क आहे, न लाजता मागा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भरती केल्याच्या पहिल्याच दिवशी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर जा. तिथे बसलेल्याला आरोग्यमित्र म्हणतात. रेशनकार्ड आणि आधार न्या. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण दवाखाना योजनेत हवा आणि आजार यादीत हवा. आठव्या दिवशी दागिने मोडून झाल्यावर लोक विचारायला येतात, तेव्हा माझा जीव तुटतो.

आता दाराचं. जंतू आत नकोत, शेजारच्या बेडवर कुणा बाईचं अंग पुसणं चालू असतं, मध्येच कुणाची छाती दाबावी लागते. म्हणून बंद असतं. तरीही पाच मिनिटं फार कमी आहेत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मला बाकावर बसून कळलं.

2016 साली माझे वडील दुसऱ्या शहरातल्या एका दवाखान्यात आयसीयूत होते. संध्याकाळी सहापासून पहाटे पाचपर्यंत मी बाहेर बसले होते. अकरा तासांत एकही माणूस येऊन काही बोलला नाही. मी सिस्टर आहे म्हणाले, तर दारावरचा म्हणाला, ‘इथं सगळेच कुणी ना कुणी असतात.’ रात्री आतून पंपाचा आवाज यायला लागला. औषध संपत आलं की पंप ज्या सुरात वाजतो तो मला झोपेतही ओळखू येतो. तो वाजत राहिला. कुणाच्या बेडचा होता माहीत नाही. मी दाराला कान लावून उभी होते आणि मनात म्हणत होते, बंद करा, कुणीतरी जा, बंद करा. सकाळी कळलं, वडील ठीक होते. पुढे चार वर्षं जगले. पण त्या रात्रीनंतर मी रोज संध्याकाळी सातला वही घेऊन बाहेर बाकापाशी जाते. प्रत्येक घराला तीन गोष्टी सांगते: आज काय सुधारलं, काय बिघडलं, रात्री काय होऊ शकतं. प्रत्येकाला दोन मिनिटं पुरतात. तुमच्या दवाखान्यात असं कुणी येत नसेल तर घरातल्या एकाच माणसाचं नाव ठरवून द्या आणि ‘रोज किती वाजता आणि कुणाला भेटायचं?’ असं विचारा. दहा जणांनी दहा वेळा विचारलं तर कुणालाच नीट उत्तर मिळत नाही.

भाऊ बेशुद्ध होता. मी त्याच्या कानाशी बोलायचे, तर बाकीचे म्हणायचे, त्याला काही कळत नाही, उगी कशाला. भाऊ गेला. त्याला ऐकू येत असेल का? — एक बहीण, केज, जि. बीड

बाई, तुमच्या भावाला काय झालं होतं ते पत्रात नाही, त्यामुळे त्याच्यापुरतं छातीठोक सांगणं खोटं ठरेल. मेंदूला मोठी इजा झाली असेल तर पोहोचत नसेलही. पण ‘उगी कशाला’ म्हणणारे चुकले, एवढं मी ठामपणे म्हणते. कारण सांगते.

काही वर्षांपूर्वी तुमच्याच जिल्ह्यातली एक ऊसतोड बाई आमच्याकडे आली होती. वय पंचवीसच्या आत. कारखान्याच्या फडाजवळ कोपीत, म्हणजे झोपडीत, खाली झोपलेली. पहाटे पोट दुखतंय म्हणून उठली, मग डोळे उघडेनात, आवाज नाकात बोलल्यासारखा, थुंकी गिळता येईना. अंगावर चावल्याची खूण सापडली नाही. मण्यार नावाचा विषारी साप असाच चावतो. रात्री, झोपेत, सुई टोचल्याएवढं. दुपारपर्यंत श्वास थांबत आला आणि तिला मशीनवर घेतलं.

मण्यारीचं विष मज्जातंतूचं टोक आणि स्नायू यांच्यामधला निरोप तोडतं. मेंदू जागा असतो, पण पापणी उचलणंही त्याच्या हातात राहत नाही. बाहुल्यांवर टॉर्च मारला तरी त्या हलत नाहीत. नवखा माणूस बघेल तर म्हणेल, संपलं. सापाच्या विषावरचं इंजेक्शन देतात, द्यायलाच हवं, पण जी टोकं बिघडली ती सुधारायला दिवस जातात. तेवढे दिवस मशीनने श्वास द्यायचा, दुसरा इलाज नाही. ‘मशीनवर टाकलं म्हणजे माणूस गेला’ हे गावोगाव ऐकू येतं, म्हणून ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडचे दोघं भेटायला आले. तिच्या पायथ्याशी उभे राहून बोलायला लागले. बॉडी गावाकडे कशी न्यायची, गाडी कोण करणार, आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, आता कोण फेडणार. मी पंप बघत होते, सहज मॉनिटरकडे लक्ष गेलं. नाडी अठ्ठ्याऐंशी होती ती बघता बघता एकशे तीसच्या वर गेली. चेहऱ्यावर काही नाही, बोटही हललं नाही. मी त्या दोघांना बाहेर काढलं आणि तिच्या कानाशी जाऊन म्हणाले, ‘पोरी, तू मरत नाहीस. विष उतरायला चार-पाच दिवस लागतील. तुझं लेकरू बाहेर आजीपाशी आहे, जेवलंय.’ नाडी हळूहळू खाली आली.

चौथ्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. सहाव्या दिवशी नळी काढली. घसा बसलेला, शब्द फुटेना. पाण्याने ओठ ओले केले तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली, ‘उचल कोण फेडतंय म्हनला त्यो?’ मग माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘कूस बदलते गं पोरी म्हनायच्या, त्या तुमीच का?’ तिने मला सहा दिवस फक्त ऐकलं होतं.

तेव्हापासून आमच्या आयसीयूत रुग्णाच्या उशापायथ्याशी बिल, बॉडी, भांडण हे विषय बंद आहेत, आमच्या स्टाफलासुद्धा. तुम्ही बोलत राहिलात ते योग्य होतं. इतर वाचकांनाही सांगते: आत गेलात की आधी तुमचं नाव सांगा, आज वार कोणता ते सांगा, घरचं बारीकसारीक सांगा. म्हैस व्याली, पाऊस आला, काहीही.

मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. आयसीयूची सुरुवात कुठे झाली? — एक विद्यार्थिनी, जालना

डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात. 1952 साली तिथे पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज येत होते आणि श्वास देणारी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून, नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबत श्वास द्यायचं सुचवलं. पिशव्या दाबायला सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने बसले, रात्रंदिवस, कित्येक आठवडे. आधी असे दहांतले आठाहून जास्त रुग्ण दगावत होते, ते प्रमाण निम्म्याहून खाली आलं. मग गंभीर रुग्ण एकाच जागी, सतत कुणीतरी उशाशी, असा विभाग इब्सेन यांनी 1953 च्या अखेरीस सुरू केला.

तू शिकते आहेस म्हणून सांगते, अम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबायचा सराव मनापासून कर. नवीन असताना मी अहमदपूरहून लातूरला एका मुलाला गाडीत आणलं, ऑक्सिजन होता पण मशीन नव्हतं. चाकूर मागे टाकलं तेव्हा हाताला पेटके आले. मुलाच्या मामाला शिकवलं, ‘छाती वर आली की सोडा, मनात तीन मोजा, पुन्हा दाबा.’ त्या माणसाने लातूर येईपर्यंत एकदाही चुकवलं नाही.

भावाने फवारणीचं औषध घेतलं. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन बोलला, चहा मागितला. आम्हाला वाटलं सुटलो. चौथ्या दिवशी मशीनवर टाकलं. आता तो घरी आहे. काही चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं का? — एक वाचक, वसमत, जि. हिंगोली

कागद बघितल्याशिवाय कुणाला निर्दोष ठरवणं माझं काम नाही. पण तुम्ही लिहिलंय तसंच या विषात घडतं, आणि ते इंजेक्शनमुळे होत नाही.

फवारणीच्या बऱ्याच औषधांत ऑरगॅनोफॉस्फरस नावाचं विष असतं. ते शरीरात गेलं की लाळ, घाम, फुप्फुसातलं पाणी सगळं ओसंडून वाहायला लागतं, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, नाडी मंदावते. त्यावर अ‍ॅट्रोपिन देतात. दर पाच मिनिटांनी बघायचं, उतार नसेल तर डोस दुप्पट. पुरेसं झालं हे कसं ओळखायचं? छातीतली घरघर गेली पाहिजे, नाडी वर आली पाहिजे, आणि मी रुग्णाच्या काखेत हात घालते. काख कोरडी लागली की समजायचं, पोहोचलो. जास्त झालं तर ताप चढतो, माणूस बरळतो, हवेतलं काहीतरी वेचायला लागतो. म्हणून पहिले दोन दिवस सिस्टरचा हात त्या काखेत जातच राहतो.

त्यानंतर दुसरा घाला येतो. साधारण पहिल्या ते चौथ्या दिवसात, माणूस चांगला बोलत असताना, मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडायला लागतात. म्हणून प्रत्येक ड्यूटीला मी अशा रुग्णाला एकच गोष्ट सांगते, ‘उशीवरून मान उचलून दाखव.’ सकाळी उचलली आणि दुपारी उचलता आली नाही, तर तो चहा पीत असला तरी मी मशीन तयार ठेवायला लावते. आठ-पंधरा दिवस मशीनवर राहून लोक पूर्ण बरे होऊन गेलेले मी पाहिलेत.

तुमचा भाऊ आता घरी आहे म्हणता, म्हणून दोन गोष्टी. ‘कामून घेतलं, आमचा विचार केला नाही का?’ असं त्याला घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळं विचारू नका. एकाने जवळ बसावं, तो बोलला तर ऐकावं. मानसोपचाराच्या ओपीडीला एकदा नव्हे, सांगतील तितक्या वेळा न्या; 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा, सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आणि फवारणीचं औषध घरात नको. शेजाऱ्याच्या कुलपात ठेवा, पण घरात नको. सोयाबीनचा भाव आणि बँकेची नोटीस मी बदलू शकत नाही, पण त्या एका वाईट रात्री डबा हाताशी नसला तर माणूस वाचतो.

इतरांसाठीही सांगून ठेवते: असं घडलं तर मिठाचं पाणी पाजून उलट्या काढायच्या नाहीत, ते फुप्फुसात जातं. अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा, स्वतःच्या हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. कुशीवर ठेवा, 108 ला फोन करा, आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत आणा. लाजून लपवू नका. आत कुणी नावं ठेवत नाही.

देवाचा अंगारा आत लावू देत नाहीत, डबा घेत नाहीत. — एक आजी, निलंगा

आजी, अंगारा कपाळाला चिमूटभर लावायला आमच्याकडे ना नसते, नळ्या आणि जखमांपासून लांब मात्र. डबा खरंच नको. नाकातल्या नळीतून तोलून मापून पातळ जेवण देतो. घरच्या घट्ट पेजेने नळी बंद पडते आणि नवी घालताना तुमच्याच माणसाला त्रास होतो.

आई 81 वर्षांची, कर्करोग सगळीकडे पसरलेला. घरीच आहे, अजून बोलते, ओळखते. डॉक्टर म्हणाले, श्वास लागला तर आयसीयूत न्यायचं की नाही ते ठरवून ठेवा. मी नको म्हणतो. धाकटा म्हणतो, लोक काय म्हणतील, शेवटपर्यंत सगळं करायचं. — एक शिक्षक, अंबड, जि. जालना

सर, हे पत्र मी तीनदा वाचलं.

वर ज्यांच्या गोष्टी सांगितल्या, ती ऊसतोड बाई, तो फवारणीचा रुग्ण, त्यांचा आजार उतरणार होता. मशीनने तोवर वेळ मिळवून दिला. आईच्या आजारात तो वेळ कशासाठी मिळवायचा, हे डॉक्टरांना सरळ विचारा. ‘श्वास लागण्याचं कारण बरं होण्यासारखं असेल का? मशीनवर घेतलं तर ती पुन्हा घरी येऊन बोलण्याची कितपत आशा?’ साधा संसर्ग असेल आणि आईची ताकद असेल तर दोन दिवस औषध देऊन बघणंही बरोबर ठरतं. पण कर्करोगच श्वासावर आला असेल, तर मशीनने आजार हटत नाही. आईचे शेवटचे दिवस नळीमुळे न बोलता, तुमच्यापासून दाराआड जातात.

धाकट्याला एवढं सांगा की आयसीयूत न नेणं म्हणजे उपचार बंद करणं नव्हे. दुखणं आणि धाप कमी करायला मॉर्फिन आहे, योग्य मात्रेत ते सुरक्षित आहे. तोंड ओलं ठेवणं, कूस बदलणं, पाठ बघणं हे सगळं घरी करता येतं. येऊन दाखवायला एखादी सिस्टर मिळते का ते बघा, नाही मिळाली तर मला कळवा, मी लिहून पाठवते.

कायद्याची भीती अनेकांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मान्य केलं की ‘मला अशा मशीनवर ठेवू नका’ असं माणूस शुद्धीवर असताना लिहून ठेवू शकतो. 2023 साली त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकनाची सही. पुढे दवाखान्यात डॉक्टरांची दोन मंडळं ते तपासून निर्णय घेतात. आई बोलते, ओळखते, म्हणजे तिला हे आजही करता येईल.

मशीनवर घेतल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी पैसे संपले म्हणून ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेतो’ अशी सही करून, गाडीत पिशवी दाबत घरी नेलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. दारात नळी काढावी लागते. काढणारा बहुधा घरातलाच असतो. ते त्या माणसाच्या मनातून आयुष्यभर जात नाही. ती पाळी तुमच्या धाकट्यावर येऊ नये म्हणून हे आत्ता बोला.

तुम्ही दोघं भाऊ एकमेकांत वाद घालताय, पण आईला विचारलंत असं पत्रात कुठेच नाही. तिला कळत नसेल असं समजू नका. या वयाच्या बायकांना आधीच कळलेलं असतं. ऊन कललं की घरात कुणी नसेल तेव्हा तिच्याजवळ बसा. ‘आई, फार त्रास व्हायला लागला तर दवाखान्यात न्यावं का इथंच राहावं वाटतं?’ एवढंच विचारा आणि थांबा, ती बोलेपर्यंत मध्ये बोलू नका. धाकट्याला शेजारी बसवा. ती जे म्हणेल ते त्याने तुमच्या तोंडून नाही, तिच्या तोंडून ऐकायला हवं.